स्नोशूज घालून पांगरचुल्ल्याकडे

पांगरचुल्ला हे शिखर उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वरच्या डोंगररांगेत आहे. उंची सुमारे १५,००० फूट. एप्रिल-मे महिन्यांत तिथं बरेच ट्रेकर जातात. तेव्हा रात्री गोठून कडक झालेल्या बर्फावरून पहाटे भराभर चढता येतं आणि ऊन तापायच्या आत खाली उतरता येतं. फेब्रुवारीत हे गणित लागू पडत नाही. बर्फ ताजा आणि भुसभुशीत, कुठं कुठं कमरेपर्यंत, दिवस लहान, आणि भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ अधूनमधून नवा थर टाकून जातात. नुसत्या बुटांनी अशा बर्फात शंभर पावलं टाकली तरी माणूस गळून जातो. म्हणून स्नोशूज, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी.

आम्ही चौघं इंदूरचे. मी, माझा मावसभाऊ (मी त्याला दादा म्हणते, तो बँकेत आहे), माझी चोवीस वर्षांची भाची, आणि महूला स्थायिक झालेले एक निवृत्त सुभेदार, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. काकांची नोकरीतली बरीच वर्षं बर्फाच्या प्रदेशात गेली. हिवाळ्यात शिखर करायचं म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली, की परत फिरायचं की नाही हे वाटाड्या ठरवेल आणि त्यावर कुणी वाद घालायचा नाही.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथं बर्फ म्हणाल तर सराफ्यातल्या गोळ्याच्या गाडीवर. पण पाय आणि दम तयार करायला माळवा पुरतो. आठवड्यातले ठरलेले दिवस रालामंडलची टेकडी आणि रविवारी जानापाव. जिथून चंबळ उगम पावते त्या जानापावच्या चढावर पाठीवर वाळूची पिशवी घेऊन खालीवर करायचं. वर मंदिराशी बसून घरचे पोहे खायचे आणि पुन्हा उतरायचं. हृदयाचे ठोके वाढवून ते तासन्‌तास तसेच टिकवायची सवय झाली पाहिजे, असं काकांचं म्हणणं होतं, आणि पुढं खुल्लारा या मुक्कामाच्या चढावर ते पदोपदी पटलं.

शनिवार : हरिद्वार ते जोशीमठ

पहाटे हरिद्वार सोडलं. ऋषिकेशपासून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर, रस्ता देवप्रयागपर्यंत गंगेच्या आणि पुढं अलकनंदेच्या काठानं. देवप्रयागला भागीरथी मिळते, रुद्रप्रयागला मंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी. पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या पुढं खाली दरीत आहे. हिवाळ्यात नद्यांचं पाणी कमी आणि हिरवंनिळं असतं. देवप्रयागला दोन्ही प्रवाह वेगवेगळ्या रंगांचे स्पष्ट दिसत होते.

अहिल्याबाईंनी बद्री-केदारच्या यात्रेकरूंसाठी इकडं धर्मशाळा बांधल्या. आमच्या घरी देवघरात त्यांची तसबीर आहे, आणि लहानपणापासून ही नावं आजीच्या तोंडून ऐकलेली. महेश्वरच्या घाटावर बसून राज्य चालवणाऱ्या बाईंनी या दऱ्यांतल्या वाटसरूच्या निवाऱ्याची काळजी केली, याचं मोल या रस्त्यावर आल्यावर नीट उमगतं. आज गाडीत बसूनही इथं एक दिवस मोडतो. त्या काळी लोक चालत येत.

चमोलीनंतर अंधार पडला. जोशीमठला पोहोचलो तेव्हा हॉटेलच्या नळाचं पाणी गोठलेलं होतं. रोट्या, राजमा, झोप.

रविवार : जोशीमठ

हा दिवस उंचीची सवय व्हावी म्हणून राखून ठेवला होता. जोशीमठ सुमारे ६,००० फुटांवर आहे. सरकारी कागदांत आता ज्योतिर्मठ, पण बाजारात सगळे जोशीमठच म्हणतात. सकाळी नरसिंह मंदिरात गेलो. बद्रीनाथचे दरवाजे हिवाळ्यात बंद झाले की शंकराचार्यांची गादी इथं येते. नरसिंहाच्या मूर्तीचं मनगट दिवसेंदिवस बारीक होत चाललंय आणि ते गळून पडेल त्या दिवशी जय आणि विजय हे पर्वत एकमेकांना भिडून बद्रीनाथची वाट बंद होईल, अशी इथली श्रद्धा आहे. पुजाऱ्यांनी ती हलक्या आवाजात सांगितली.

मंदिरातून बाहेर पडल्यावर गल्लीत भिंतींना गेलेले तडे दिसले. जानेवारी २०२३ मध्ये या गावात आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि अनेक कुटुंबांना घरं सोडावी लागली. गाव जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलंय, इथं जड बांधकाम करू नका, असं मिश्रा समितीनं १९७६ मध्येच बजावलं होतं. एका घराच्या ओसरीवर तड्याच्या दोन्ही बाजूंना काचेची पट्टी चिकटवलेली होती. तडा रुंदावला की काच फुटते, म्हणजे कळतं. शेजारी एक आजी उन्हात बसून लोकर विणत होत्या. डोंगरात यायची हौस करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे बघून पुढं जावं, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी सामानाची तपासणी झाली. आमचा वाटाड्या खालच्या गावातला, पस्तिशीचा, कमी बोलणारा. सगळे त्याला भैजी म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यानं प्रत्येकाचे स्नोशूज घालायला लावले आणि हॉटेलच्या अंगणात चालवलं. अॅल्युमिनियमची लांबट चौकट, मध्ये ताणून बसवलेलं जाड प्लास्टिक, बुटाच्या पुढच्या भागाखाली पोलादी दात. बूट पुढच्या बाजूनंच घट्ट बांधलेला असतो, टाच मोकळी उचलते. नुसत्या बुटाच्या तळव्यापेक्षा वजन तीन-चार पट जागेवर पसरतं, त्यामुळं जिथं मांडीपर्यंत रुतायचं तिथं घोट्यापर्यंतच पाय जातो. टाचेखाली तारेची एक कडी असते, तिला हील लिफ्टर म्हणतात. उभ्या चढावर ती उभी केली की टाच वर टेकते आणि पोटऱ्यांवरचा ताण कमी होतो. भाचीच्या एका स्नोशूचा रबरी पट्टा थंडीनं कडक होऊन चिरला होता. भैजीनं तो तिथंच काढून टाकला आणि घरून दुसरा आणला. "ऊपर टूटेगा तो आधा दिन जाएगा," एवढंच बोलला.

मग त्यानं चौघांच्या छातीवर ट्रान्सीव्हर बांधले, म्हणजे सिग्नल सोडणारी आणि पकडणारी छोटी यंत्रं. हिमस्खलनात कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपापले ट्रान्सीव्हर शोधाच्या बटणावर टाकायचे, सिग्नलच्या रोखानं जायचं, लांब सळईनं टोचून जागा पक्की करायची आणि फावड्यानं खणायचं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच खरी आशा. मदत बोलावून ती येईपर्यंत एवढा वेळ मिळत नाही, त्यामुळं सोबतचे लोक हीच मदत. काकांनी अंगणात एक ट्रान्सीव्हर राखेच्या ढिगात लपवला आणि आम्हाला घड्याळ लावून शोधायला लावलं. भाची सगळ्यांत चलाख निघाली. माझ्या मते ही तीन साधनं आणि ती वापरायचा सराव नसेल तर हिवाळ्यात या उतारांवर पाऊल ठेवू नये. सह्याद्रीत पावसाळी घळी चढलेल्यांनीही नाही. तिथं धोका डोळ्यांना दिसतो, इथला बर्फाखाली झाकलेला असतो.

सोमवार : ढाक, तुगासी, गुलिंग

जोशीमठहून गाडी तपोवनच्या दिशेनं धौलीगंगेच्या खोऱ्यात गेली. पुढं रैणी गाव आहे. २६ मार्च १९७४ रोजी गौरा देवी आणि गावातल्या बायका झाडांना बिलगून उभ्या राहिल्या आणि ठेकेदाराच्या माणसांना जंगल न तोडता परत जावं लागलं, ते हे रैणी. त्याच रैणीजवळून ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषिगंगेचा लोंढा आला. रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड तुकडा सुटला, खाली येता येता त्याचा चिखलपाण्याचा लोंढा झाला, आणि तपोवनच्या बोगद्यातल्या कामगारांसह दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. भैजीनं दरीच्या बुडाशी अजून पडलेले मातकट ढिगारे दाखवले. त्याच्या ओळखीचे लोक त्यात होते. काकांनी टोपी काढली. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

ढाकपासून चालायला सुरुवात. तुगासीपर्यंत पायऱ्यांची शेतं, गोठ्यांच्या छपरांवर वाळत टाकलेला चारा, ओसरीवर मंडुव्याच्या भाकरीचा वास. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. एका घरात ती गरम भाकर आम्हाला तूप घालून मिळाली आणि दादानं सॅकमधली इंदुरी शेव काढून घरातल्या मुलांना दिली. लवंगाची तिखट शेव त्या पोरांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली आणि पुन्हा मागितली.

तुगासीच्या वर बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांचं जंगल. बुरांश फुलायला अजून वेळ होता, कळ्या घट्ट मिटलेल्या. सावलीत बर्फ लागला तो नऊ हजार फुटांच्या आसपास. गुलिंगला तंबू टाकले तेव्हा सूर्य मावळत होता आणि समोर द्रोणागिरी लाल झाला होता, ७,०६६ मीटर. याच पर्वतावरून मारुतीनं संजीवनी नेली असं मानतात, आणि त्याच्या पायथ्याच्या द्रोणागिरी गावात आजही मारुतीची पूजा होत नाही, कारण त्यानं त्यांचा देव असलेला डोंगर उपटून नेला. शनिवारी मारुतीला तेल वाहणारे आम्ही. भाचीला तो गावाचा राग रास्त वाटला. "मावशी, आपली जानापाव कुणी उचलून नेली असती तर?" ती म्हणाली. काका हसले, पण त्यांनी हात जोडले ते पर्वताला.

मंगळवार : गुलिंग ते खुल्लारा

तंबूच्या दारातच स्नोशूज बांधले. पहिला तास अवघडल्यासारखा गेला. पाय नेहमीपेक्षा फाकवून टाकावा लागतो, नाहीतर एका स्नोशूची कड दुसऱ्यावर पडते आणि माणूस तोंडावर जातो. मागं सरकता येत नाही, वळायचं तर छोटी छोटी पावलं टाकत अर्धगोल काढावा लागतो. जंगलात आडव्या पडलेल्या झाडांवरून जाताना काठ्या आधी पलीकडं रोवायच्या, मग एकेक पाय. तासाभरानं शरीराला ते कळलं आणि डोकं मोकळं झालं.

वाट अशी नव्हतीच. नेहमीची पायवाट चार फूट बर्फाखाली. भैजी झाडांच्या खुणांवरून जात होता. पुढं चालणाऱ्याचं काम सगळ्यांत कष्टाचं, त्यानं बर्फ दाबत वाट पाडायची आणि मागच्यांनी त्याच ठशांत पाय टाकायचे. दर पंधरा मिनिटांनी पुढचा माणूस बाजूला होऊन रांगेच्या शेवटी यायचा. माझी पाळी आली की तीस-चाळीस पावलांतच घाम सुटायचा, आणि घाम येऊ द्यायचा नाही ही काकांची ताकीद. घामानं ओले कपडे थांबल्याबरोबर बर्फागत गार पडतात. म्हणून चालताना थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर, आणि थांबलं की लगेच फुगीर जाकीट.

जंगल संपलं तिथं उतार उघडा झाला. इथं स्नोशूजची खरी मर्यादा समजली. सरळ वर चढायला ते उत्तम, पण उतारावर आडवं जायचं म्हटलं की चौकट एका अंगाला कलते, पोलादी दात अर्धेच रुततात आणि घोटा मुरगळायला बघतो. भैजीनं आडवी वाट टाळून सोंडेच्या मधोमध सरळ चढ काढला. लांबचा आणि दमवणारा. सोंडेवर वारा बर्फ उडवून नेतो, तिथं थर पातळ असतो. तोच उडालेला बर्फ बाजूच्या घळींत आणि उतारांच्या आडोशाला साठतो. हिवाळ्यात चालायचं ते सोंडेनं, हे त्यानं त्या दिवशी बऱ्याच वेळा सांगितलं.

खुल्लारा सुमारे ११,००० फुटांवर. बर्फ पायांनी तुडवून सपाट केला, तासभर तो घट्ट होऊ दिला आणि मग त्यावर तंबू. पाण्यासाठी बर्फ वितळवायचा. पातेलंभर बर्फाचं पेलाभर पाणी होतं आणि गॅस भसाभस संपतो. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवायच्या, म्हणजे गोठलं तरी बर्फ बुडाशी धरतो आणि झाकण उघडतं. बूट पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. रात्री तापमान उणे बारापर्यंत गेलं.

बुधवार : बर्फ

पहाटेपासून पडू लागला. दिवसभर तंबूतून हात काढून छतावरचा बर्फ झटकायचा, दर दोन-तीन तासांनी बाहेर जाऊन कडेचा बर्फ फावड्यानं ओढायचा. खाल्लं ते मेथीचे लाडू आणि खिचडी. संध्याकाळी भैजीनं सळई खुपसून मोजलं. नवा बर्फ हातभर.

भैजीनं माणा गावाची गोष्ट सांगितली. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या पलीकडं रस्त्याच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन झालं, चोपन्न माणसं त्यात अडकली, सैन्य आणि इतर पथकांनी शेहेचाळीस जणांना वाचवलं, आठ गेले. तेव्हाही असाच बर्फ पडत होता. डोंगरातल्या माणसाला हे दिवस नुसते कॅलेंडरवरचे नसतात.

गुरुवार : खड्डा

आभाळ उघडलं. निळंभोर, आणि वरच्या धारांवरून वाऱ्यानं उडणारा बर्फ दिसत होता. दादा म्हणाला, हवामान चांगलं आहे, आज निघू. काकांनी मान हलवली. बर्फ पडून गेल्यावर निदान एक दिवस त्याला बसू द्यायचं, आणि वारा सुटला असेल तर जास्तच जपायचं.

त्याऐवजी भैजी आम्हाला तंबूंच्या वरच्या छोट्या उतारावर घेऊन गेला. त्या उताराचं तोंड उत्तरेकडं, शिखराखालच्या शेवटच्या उतारासारखंच. तिथं फावड्यानं जमिनीपर्यंत खड्डा खणला आणि वरच्या बाजूची भिंत तासून उभी, गुळगुळीत केली. मग हातमोजा काढून बोटं वरून खाली फिरवली. आम्हालाही फिरवायला लावली. वर नवा मऊ बर्फ, बोट सहज आत जात होतं. त्याखाली वाऱ्यानं दाबलेला कडक थर, तिथं बोट अडकलं. त्याखाली पुन्हा मध्यम. आणि अगदी तळाशी, जमिनीला लागून वीतभर जाडीचा असा थर की बोट लावताच दाणे घरंगळून खड्ड्यात पडले. मुठीत घेतले तर गोळा होईना. जाड साखरेसारखे टोकदार, चकाकणारे दाणे. भिंगातून बघितलं तर प्रत्येकाला सपाट पैलू होते.

हे दाणे कसे होतात ते काकांनी नीट समजावलं. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. जमीन शून्याच्या आसपास, म्हणजे मानानं उबदार, आणि निरभ्र रात्रींत बर्फाचा वरचा पृष्ठभाग उणे पंधरा-वीसपर्यंत गार. थोड्याशा जाडीत एवढा फरक पडला की खालची वाफ वर सरकत राहते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरून न राहता सुटे, पैलूदार होत जातात. मग डिसेंबर-जानेवारीत वर कितीही जाड थर बसला तरी खालचा पाया कच्चाच. उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या उतारांवर तो वसंतापर्यंत तसाच राहू शकतो. वरून सगळं पांढरं आणि एकसंध दिसतं.

भैजीनं भिंतीत फूटभर बाय फूटभर खांब कापला, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं आणि हातानं थापा मारायला सुरुवात केली. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. जितक्या हलक्या थापेला खांब तुटून सरकेल तितका उतार धोक्याचा. मनगटाच्या दहाही थापा झाल्या, काही नाही. कोपराच्या चौथ्या थापेला तळाच्या दाण्यांवरून अख्खा वरचा खांब टपकन् पुढं सरकला. तुटलेली जागा कापल्यासारखी सपाट.

"यहाँ का ये है. ऊपर अलग भी हो सकता है," भैजी म्हणाला. शिखराखालच्या उतारावर पुन्हा खड्डा खणायचा, मग ठरवायचं. दुपारी बारापर्यंत शिखर नाही तर परत. रात्री मला झोप लागली नाही, पण भीती म्हणाल तर नव्हती. त्या थराबद्दलच विचार करत पडले होते.

शुक्रवार : चढाई

पहाटे तीनला निघालो. डोक्यावरच्या दिव्यांचा तेवढाच उजेड. हील लिफ्टर पहिल्या चढालाच उभे केले ते उजाडेपर्यंत. चार पावलं, एक श्वास, असा ताल. बोलणं बंद. वाट पाडायची पाळी आता दहा मिनिटांवर आली होती. भाची कुरकुर न करता आपली पाळी संपवून दादाचीही अर्धी घ्यायची.

सोंडेवर पोहोचलो तेव्हा पूर्वेकडं फटफटलं. आधी नंदादेवीच्या माथ्याला ऊन लागलं, ७,८१६ मीटर. मग द्रोणागिरी, हाथी आणि घोडी पर्वत, उत्तरेला कामेट, पश्चिमेला चौखंबा. नंदादेवीच्या भोवतीचं उंच कडं आणि त्यातून ऋषिगंगेनं फोडलेली घळ. शिप्टन आणि टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक १९३४ मध्ये याच भागातल्या क्वारी खिंडीतून उतरून त्या घळीत शिरले आणि आत जायची वाट शोधून काढली. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३६ ला टिलमन आणि ओडेल नंदादेवीच्या माथ्यावर पोहोचले. हे सगळं मी शाळेच्या वयापासून वाचत आलेय. ती घळ प्रत्यक्ष समोर बघून माझे डोळे भरून आले आणि अश्रू पापणीवरच गोठले.

सोंड संपून एक रुंद खोलगट जागा लागली. ती ओलांडताना भैजीनं आम्हाला पन्नास-पन्नास पावलांच्या अंतरानं, एकेकटं सोडलं, म्हणजे काही झालंच तर एकच जण गाडला जाईल आणि बाकीचे शोधायला राहतील. सॅकचे छातीवरचे आणि कमरेचे पट्टे सोडायला लावले. मी मधोमध असताना पायाखालून दबका 'धप्प' आवाज आला आणि बर्फ बोटभर खाली बसला. पुढं दोन-तीन हात लांब बारीक तडा गेला. जागा जवळपास सपाट होती म्हणून काही सरकलं नाही. पण तो आवाज पोटात जाणवतो. वरचा थर खालच्या कच्च्या दाण्यांवर कोसळून बसल्याचा तो आवाज. मी पलीकडं पोहोचले तेव्हा काका नुसतं म्हणाले, "ऐकलंस ना?"

शेवटचा उतार समोर होता. उन्हाळ्याच्या तोंडावर इथं मोठमोठे धोंडे उघडे पडतात, आता सगळं एकसलग पांढरं. दादाच्या घड्याळात उंची १४,१०० फूट. वर शिखराची धार दिसत होती, तिच्यावर वाऱ्यानं साठवलेल्या बर्फाची कड. भैजीनं काठी उतारावर आडवी ठेवून तिच्यावर कोनमापक लावला. छत्तीस अंश. बहुतेक थर सुटतात ते तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर. बाजूनं जायला सोंड नव्हती, होती ती कातळाची, बर्फानं लिंपलेली धार, आणि तिच्यासाठी लागणारे दोर आमच्याकडं नव्हते.

उताराच्या तळाशी, सुरक्षित कोपऱ्यात त्यानं पुन्हा खड्डा खणला. तेच थर, फक्त वाऱ्याचा कडक थर इथं दुप्पट जाड आणि तळाचे दाणे अधिक मोठे. खांब कापला, फावडं ठेवलं. मनगटाच्या सातव्या थापेला तो सुटला आणि भैजीच्या मांडीवर येऊन पडला.

भैजीनं फावडं पुसलं. "दीदी, नीचे वाली बरफ कच्ची है. आज नहीं."

साडेनऊ वाजले होते. वारा नव्हता. ऊन स्वच्छ. चौघांच्याही अंगात ताकद शिल्लक होती. दादानं एकदा वर बघितलं, एकदा काकांकडं, आणि सॅक उचलली. भाची रडली, मोकळेपणानं रडली, आणि मी तिला जवळ घेतलं. तिनं जानापावच्या उन्हात किती वाळू वाहिली होती ते मी बघितलं होतं. भैजीनं तिला चहा ओतून दिला. "पहाड़ का गुस्सा मुझ पर कर लो बेटा," तो म्हणाला. इतक्या मायेनं नाही म्हणणारा माणूस मला फार थोर वाटला. वर नेलं असतं तर आम्ही त्याला अधिक बक्षीस दिलं असतं, हे त्यालाही माहीत होतं.

उतरताना स्नोशूजचे हील लिफ्टर आडवे केले, गुडघे किंचित वाकवून टाचांवर भार दिला. मऊ बर्फात पाऊल टाकलं की फूटभर घसरून थांबतं, त्यामुळं चढायला सहा तास लागले ते दोन तासांत उतरलो.

शनिवार : क्वारी खिंड

एक दिवस हाताशी होता. क्वारी खिंड सुमारे १२,००० फुटांवर, उतार सौम्य, तरी भैजीनं तिथंही सोंडेनंच नेलं. कर्झन ट्रेल म्हणून ओळखली जाणारी जुनी वाट ती हीच. खिंडीच्या धारेवर शेव, गुळपापडी आणि बर्फ वितळवून केलेला चहा.

तिथून पांगरचुल्ल्याचा तो शेवटचा उतार तिरका दिसत होता. आम्ही दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं. कुठंही तुटल्याची रेघ नव्हती, सगळं जागच्या जागी. भाचीनं भैजीला विचारलं, "तो कल हम चले जाते तो?"

"शायद चले जाते," तो म्हणाला. "शायद."

काका म्हणाले की हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत उतार सुटतो तो त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनानं. त्यामुळं रिकामा उतार टिकून राहिला यातून काहीच सिद्ध होत नाही. भाचीनं ते वहीत लिहून घेतलं. खड्ड्यातल्या थरांचं चित्रही तिनं काढलंय, जाडी आणि थापांच्या आकड्यांसह.

रविवार : परत जोशीमठ

खुल्लारा ते ढाक एका दमात. जंगलाच्या कडेला एक मोनाल पक्षी दिसला, निळाहिरवा, बर्फावरून पळत झुडपात गेला. तुगासीत त्या घरी थांबलो आणि उरलेली शेव मुलांना देऊन टाकली.

संध्याकाळी जोशीमठच्या चहाच्या टपरीवर भैजीशी पुढचं बोलणं झालं. एप्रिलच्या मध्याला दिवसा बर्फ वितळतो, रात्री गोठतो, आणि असं बरेच दिवस झालं की पाणी झिरपून तळाचे सुटे दाणेही एकमेकांना चिकटतात. तेव्हा रात्री एकला खुल्लाऱ्याहून निघायचं, क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे पोलादी काटे) लावून कडक बर्फावरून चढायचं आणि सकाळी नऊच्या आत तो शेवटचा उतार उतरून यायचं. पण त्याआधी तीन रात्री आभाळ निरभ्र असलं पाहिजे, नसेल तर पुन्हा खड्डा. काकांनी मान डोलावली. दादानं तिथंच फोनवर रजेचा अर्ज लिहिला, आणि भाचीनं भैजीकडून त्याचं फावडं कुठं मिळतं ते विचारून घेतलं.